अनोळखी सॉफ्टवेअरचा चार्ज कोणाचा हे शोधून देणाऱ्या सोयी, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा कुठल्या एका अ‍ॅपचा रिव्ह्यू नाहीये. कार्डाच्या स्टेटमेंटवर अशी एखादी ओळ दिसते की जिचं नाव आपण कधी ऐकलेलंच नसतं, रक्कम फार मोठी नसते पण सोडून द्यावी इतकी छोटीही नसते, आणि काहीतरी सॉफ्टवेअरचं असणार एवढाच अंदाज येतो. तर तो चार्ज नक्की कशाचा हे शोधायला ज्या ज्या सोयी ऑनलाइन मिळतात त्या मी बऱ्यापैकी वापरल्यात, घरातल्यांच्या कार्डांसाठी पण आणि ऑफिसच्या हिशोबासाठी पण, आणि त्यातली कुठली खरंच उत्तर देते, कुठली नुसती फिरवत राहते ते इथे लिहितेय. स्टार पण देणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण तिच्याशिवाय बाकीचं काहीच कामाचं नाही. स्टेटमेंटवर जे नाव येतं ते बऱ्याचदा सॉफ्टवेअरचं नसतंच, ज्याच्या गल्ल्यात पैसे गेले त्याचं असतं. मोठ्या बाजारात दुकानं पन्नास पण पैसे घ्यायला गल्ला एकच, तसा हा प्रकार आहे. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना जगभरातले टॅक्स भरणं, रिफंड सांभाळणं, कार्डवाल्यांशी बोलणं हे सगळं झेपत नाही, म्हणून त्या एका मधल्या कंपनीला आपला माल विकायला देतात. कागदोपत्री विक्रेता ती मधली कंपनीच असते, बिल पण तिच्याच नावाचं निघतं, या धंद्यात तिला मर्चंट ऑफ रेकॉर्ड म्हणतात. म्हणजे तुम्ही घेतलेलं असतं पीडीएफ एडिट करायचं अ‍ॅप आणि स्टेटमेंटवर दिसतं पॅडल. त्यामुळे "हे पॅडल काय आहे" यात अडकून न बसता "या पॅडलच्या गल्ल्यावर मी काय घेतलं होतं" असं विचारायचं, तिथून पुढे सगळं सोपं होतं.

आणि नाव अर्धवट का दिसतं तर जागाच नसते. कार्डाचा व्यवहार ज्या ठरलेल्या साच्यातून बँकेकडे जातो त्यात दुकानाचं नाव, शहर आणि देश मिळून फक्त ४० अक्षरं मावतात, त्यातली नावाला साधारण २५. स्ट्राइपवर, म्हणजे ऑनलाइन कार्डाचे पैसे घ्यायची सोय देणाऱ्या कंपनीकडे, तर विक्रेत्याला आपलं नाव २२ अक्षरांतच बसवावं लागतं. मग गल्ल्याचं नाव, मधे एक चांदणीची (*) खूण, त्यानंतर सॉफ्टवेअरचं नाव, आणि ते नाव बरोब्बर मधेच तुटतं. पण ती चांदणी फार कामाची आहे हां, तिच्या डावीकडे गल्ला आणि उजवीकडे माल, हे एकदा कळलं की निम्म्या ओळी जागेवर ओळखता येतात. अजून एक, ऑनलाइन खरेदीत शहराच्या जागी पुष्कळदा फोन नंबर किंवा वेबसाइट टाकलेली असते. ती बरेच लोक बघतच नाहीत कारण मोबाइल अ‍ॅपमध्ये ओळ कापून दाखवतात, पूर्ण मजकूर पीडीएफ स्टेटमेंटमध्ये किंवा ओळीवर टॅप केल्यावर दिसतो. शोधायला बसण्याआधी ती पूर्ण ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या, खरंच सांगते, त्यातच अर्धं उत्तर असतं.

आता एकेक सोय.

पॅडल डॉट नेट. ही लंडनची कंपनी आहे, २०१२ पासूनची, आणि छोटी-मध्यम सॉफ्टवेअरं विकणाऱ्यांत हिचं नाव तुम्हाला वारंवार दिसेल. स्टेटमेंटवर "पॅडल डॉट नेट", मग चांदणी, मग मालाचं नाव असं येतं. मला यांचं सगळ्यात आवडलेलं म्हणजे ओळीतच पत्ता दिलाय. तो ब्राउझरमध्ये टाकला की जे पान उघडतं ते खास अशा गोंधळलेल्या गिऱ्हाइकांसाठीच बनवलेलं आहे, विकायला काही नाही, जाहिरात नाही. ज्या ईमेलने खरेदी केली तो टाकायचा, त्यावर लिंक येते, उघडली की त्या ईमेलवरच्या खरेद्या दिसतात, कुठलं सॉफ्टवेअर, कधी घेतलं, पुढचे पैसे कधी कापणार, बिल डाउनलोड करा, सबस्क्रिप्शन बंद करा, रिफंड मागा, सगळं तिथेच. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे लॉगिन करायची गरज नाही, आणि हे फार मोठं आहे, कारण जे अ‍ॅप आठवतच नाही त्याचा पासवर्ड कुठून आठवणार.

अडतं कुठे तर ईमेलपाशी. लोकांकडे तीन-चार ईमेल असतात, त्यातला कुठला वापरला ते माहीत नसतं, मग एकेक टाकून बघावा लागतो. आणि यातली एक खास अडचण कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. अ‍ॅपलच्या फोनवर "साइन इन विथ अ‍ॅपल" करताना ईमेल लपवायचा पर्याय असतो, तो घेतला की अ‍ॅपल तुमच्या नावाने एक वेडावाकडा अक्षरांचा पत्ता तयार करून देतं आणि विक्रेत्याकडे तोच जातो. आता तुम्ही पॅडलवर स्वतःचा खरा ईमेल टाकला तर तिथे काहीच सापडणार नाही, आणि मग माणूस घाबरतो की नक्की कार्ड चोरलंय. माझ्या बहिणीच्या बाबतीत अगदी हेच झालं, बिचारी कार्ड ब्लॉक करायला निघाली होती. फोनच्या सेटिंगमध्ये आपल्या नावावर टॅप करून "साइन इन विथ अ‍ॅपल"ची यादी उघडली की प्रत्येक अ‍ॅपपुढे कुठला लपवलेला पत्ता दिलाय ते दिसतं. तो पत्ता कॉपी करून पॅडलच्या पानावर टाकला, लिंक फिरून तिच्या खऱ्या मेलवर आली, फोटोमधलं बॅकग्राउंड काढायचं एक अ‍ॅप निघालं. बंद केलं, विषय संपला. अ‍ॅपलची ती यादी तशीही एकदा बघून ठेवा, आपण कुठे कुठे खाती उघडून ठेवलीत ते एका जागी कळतं.

पॅडलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एवढ्यासाठी की ईमेल सापडला नाही तर मग चॅटमधून तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे आकडे असं सांगत बसावं लागतं आणि ते वेळखाऊ आहे.

फास्टस्प्रिंग, क्लेव्हरब्रिज, टूचेकआउट. हे तिघे पॅडलच्याच जातीचे, फक्त वयाने मोठे. फास्टस्प्रिंग अमेरिकेतली, ओळीच्या सुरुवातीला "एफएस" आणि चांदणी दिसली तर बहुतेक तीच. यांनी "क्वेश्चन अ चार्ज" नावाची वेगळी साइटच ठेवलीये, नाव वाचूनच कळतं कशासाठी आहे, त्यामुळे शोधायला त्रास नाही. क्लेव्हरब्रिज जर्मनीतल्या कोलोनची, अँटीव्हायरस आणि कॉम्प्युटर साफ करायच्या युटिलिटी वगैरे घेतल्या असतील तर हिचं नाव दिसू शकतं. टूचेकआउट २०२० मध्ये व्हेरिफोन या पेमेंट कंपनीने घेतली, ओळीत "टूसीओ डॉट कॉम" (2CO.COM) असं येतं, आणि आता पान उघडलं की व्हेरिफोनचं नाव दिसतं, तर घाबरू नका, आपण बरोबर ठिकाणीच आहोत. तिघांकडे ऑर्डर शोधायची सोय आहे, काम होतं, पण पॅडलइतकं सरळ नाही, ऑर्डर नंबर हातात असला तर पटकन होतं आणि नेमका तोच आपल्याकडे नसतो. साडेतीन स्टार. जुनी स्टेटमेंटं चाळताना "डीआरआय" आणि चांदणी दिसली तर ती डिजिटल रिव्हर, एकेकाळी या धंद्यातलं फार मोठं नाव, पण २०२५ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला, त्यामुळे तिथे विचारायला जाण्यात अर्थ नाही, थेट सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला गाठा.

अ‍ॅपल. स्टेटमेंटवर येतं "अ‍ॅपल डॉट कॉम स्लॅश बिल", आणि बास. अ‍ॅपचं नाव नाही, काही नाही. गेम असो, क्लाउड स्टोरेज असो, ध्यानधारणेचं अ‍ॅप असो, सगळ्याला एकच ओळ. त्यात अ‍ॅपल जवळजवळच्या तारखांच्या खरेद्या एकत्र करून एकच रक्कम कापू शकतं, त्यामुळे स्टेटमेंटवरचा आकडा कुठल्याच एका सबस्क्रिप्शनच्या किमतीशी जुळत नाही आणि माणूस उगाच डोकं खाजवत बसतो. बेरीज करून बघायला पाहिजे, दोन-तीन छोट्या रकमा मिळून तो आकडा होतो का.

पण शोधायची सोय मात्र चांगली आहे. "रिपोर्ट अ प्रॉब्लेम" नावाचं अ‍ॅपलचं पान आहे, तिथे लॉगिन केलं की खरेद्यांची यादी येते, रकमेने शोधता येतं, तिथूनच रिफंड मागता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये सबस्क्रिप्शनची यादी वेगळी असते, तिथे चालू काय आणि संपलेलं काय हे दोन्ही दिसतं. एवढं करूनही सापडलं नाही तर फॅमिली शेअरिंग बघा. ज्याने कुटुंबाचा ग्रुप बनवलाय त्याच्या कार्डावर सगळ्यांची खरेदी पडू शकते, म्हणजे भाच्याने आपल्या टॅबवर काही घेतलं तर मामाच्या स्टेटमेंटवर ओळ येते आणि मामाच्या स्वतःच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत ते दिसतच नाही. घरात दोन अ‍ॅपल अकाउंट आणि एकच कार्ड असेल तरी हाच घोळ. शोधायच्या सोयीला चार स्टार, स्टेटमेंटवरच्या ओळीला मात्र दोनच, कारण एवढ्या मोठ्या कंपनीला त्या ओळीत अ‍ॅपचं नाव टाकणं अशक्य आहे असं मला वाटत नाही.

गूगल या बाबतीत बरं आहे. "गूगल", चांदणी आणि पुढे अ‍ॅपचं किंवा ते बनवणाऱ्याचं नाव येतं, तुटलेलं का होईना पण येतं. गूगल पेमेंट्स सेंटरमध्ये जाऊन व्यवहारांची यादी बघायची, तारीख-रक्कम जुळवायची. फक्त एक, ती यादी त्या त्या जीमेल खात्यापुरतीच असते, फोनवर दोन खाती असतील तर उजवीकडच्या वरच्या गोलावर टॅप करून खातं बदलून परत बघा, बरेच लोक एका खात्यात नाही म्हणून सोडून देतात. आपण केलेलाच नाही असा चार्ज असेल तर तो कळवायचा फॉर्म आहे पण तो व्यवहारापासून १२० दिवसांच्या आत भरावा लागतो, हे लक्षात असू द्या. चार स्टार. आणि हे अ‍ॅपल-गूगल दोघांनाही लागू, अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही. फोनवर आयकॉन नाही म्हणून "आमच्याकडे तर हे अ‍ॅपच नाही" असं लोक ठामपणे सांगतात, आणि पैसे शांतपणे जात राहतात.

मायक्रोसॉफ्टचं फार लिहीत नाही, ओळीत मायक्रोसॉफ्ट असं स्पष्ट असतं, खात्याच्या ऑर्डर हिस्ट्रीत सापडतं, चार स्टार. पेपालची गोष्ट थोडी वेगळी. "पेपाल", चांदणी, विक्रेत्याचं नाव, असं येतं, आणि पेपालच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक पेमेंट्सची यादी मिळते, ज्यांना ज्यांना तुम्ही परस्पर पैसे घ्यायची परवानगी दिलीये ते सगळे. ही यादी मला फार आवडते, कारण इथून परवानगी काढून घेता येते, विक्रेत्याची मनधरणी करावी लागत नाही. पण नीट समजून घ्या, पैसे जायचे थांबतात, विक्रेत्याबरोबरचं सबस्क्रिप्शन आपोआप बंद होत नाही, वर्षभराचा करार असेल तर ते बाकी रक्कम मागू शकतात, म्हणून तिकडेही रद्द केल्याचा मेल घ्यायचा. साडेचार.

बँकेचं स्वतःचं अ‍ॅप. इथे खूप फरक आहे बँकेबँकेत. काही अ‍ॅपमध्ये आता तुटक्या ओळीच्या जागी विक्रेत्याचं स्वच्छ नाव, लोगो, वेबसाइट असं सगळं दिसतं, तर कधी बिल सुद्धा. हे बँकेने स्वतः जमवलेलं नसतं, मास्टरकार्डची इथोका आणि व्हिसाची व्हेरिफाय अशा दोन कंपन्या आहेत, दोन्ही २०१९ मध्ये या कार्ड नेटवर्कांनी विकत घेतल्या, त्या विक्रेत्याकडून माहिती घेऊन बँकेला पुरवतात. उद्देश हाच की गिऱ्हाइकाने ओळ न ओळखल्यामुळे तक्रार करू नये. जिथे आहे तिथे मस्त चालतं. जिथे नाही तिथे "रिटेल/इतर" असा एक शिक्का मारून मोकळे.

बँकेकडे अजून एक गोष्ट असते जी मागितली तर मिळू शकते, ती म्हणजे विक्रेत्याचा चार आकडी धंद्याचा कोड, एमसीसी म्हणतात त्याला. ५७३४ म्हणजे कॉम्प्युटर सॉफ्टवेअरचं दुकान, ५८१७ म्हणजे डिजिटल माल, अ‍ॅप्लिकेशन्स, ५८१६ म्हणजे गेम्स, ५८१५ मध्ये गाणी-सिनेमे-पुस्तकं, आणि ५९६८ म्हणजे सबस्क्रिप्शनवर चालणारा थेट विक्रीचा धंदा. ऑफिसच्या हिशोबात मला याचा पुष्कळ उपयोग झालाय, कारण ओळीवर नुसतं कुठल्यातरी लॅब्ज किंवा टेक्नॉलॉजीज असं नाव असतं आणि कोड बघितला की निदान सॉफ्टवेअर आहे की अजून काही ते ठरतं. फोनवर बसलेल्या माणसाला कधीकधी दोनदा समजावून सांगावं लागतं नक्की काय हवंय, पण विचाराच. बँकांना सरसकट स्टार देता येणार नाहीत, चांगल्या अ‍ॅपला चार आणि बाकीच्यांना दोन.

सबस्क्रिप्शन शोधून देणारी ट्रॅकर अ‍ॅप्स. यांच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. ही अ‍ॅप्स तुमच्या बँकेच्या खात्याला जोडून घेतात, सगळे व्यवहार वाचतात आणि सारख्या अंतराने सारखी रक्कम कुठे जातेय ते शोधून यादी करतात. दर महिन्याचं असेल तर ठीक सापडतं. पण त्यांच्या हातातही तीच तुटकी ओळ असते ना, तुम्हाला "पॅडल" दिसतं तर त्यांनाही "पॅडल"च दिसतं, मग त्यांनी वेगळं काय सांगितलं. वर्षातून एकदा कापले जाणारे पैसे तर बऱ्याचदा सुटतात कारण तेवढा जुना डेटाच नसतो, आणि खरी डोकेदुखी वार्षिकवालीच असते, महिन्याचं माणसाला आठवतं, वर्षापूर्वीचं नाही. परदेशी चलनात किंमत असेल तर दर महिन्याला रक्कम थोडी थोडी बदलते, तिथेही गडबडतात. मी वापरलेल्या एका अ‍ॅपने एकाच सॉफ्टवेअरला तीन वेगळी सबस्क्रिप्शन्स म्हणून दाखवलं होतं, फक्त चलनाच्या फरकामुळे. आणि या बदल्यात आपण काय देतोय तर आपल्या अख्ख्या खर्चाचा इतिहास. अशी कंपनी उद्या बंद पडली तर? मिंटसारखं खर्चाचा हिशोब ठेवणारं इतकं प्रसिद्ध अ‍ॅप मार्च २०२४ मध्ये बंद झालंच की. यादी बघून आकडा समोर येतो, जाग येते, हे मान्य, पण अनोळखी ओळ ओळखायच्या कामात दोन स्टार, त्यापेक्षा जास्त नाही.

ओळ सर्च इंजिनमध्ये टाकणं. सगळे आधी हेच करतात आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. अनोळखी चार्जांची यादी देणाऱ्या साइट्स ढीगभर आहेत, त्यावर तुमची ओळ जशीच्या तशी असते, खाली "हा फ्रॉड असू शकतो" असं मोघम वाक्य आणि बाजूला जाहिराती. माहिती शून्य, घाबरवणं पुरेपूर. त्याहून वाईट म्हणजे खोटे कस्टमर केअर नंबर. माणूस घाबरलेला असतो, कंपनीचं नाव आणि "रिफंड" असं सर्च करतो, वर जाहिरातीत नंबर दिसतो, फोन लावतो, आणि पलीकडचा म्हणतो स्क्रीन शेअर करा, कार्ड नंबर सांगा, ओटीपी सांगा. म्हणजे जो चार्ज कदाचित स्वतःचाच होता त्याच्या नादात खरी चोरी होते. कृपा करून सर्चमधल्या नंबरवर फोन करू नका. स्टेटमेंटवर छापलेली वेबसाइट स्वतः टाइप करून जा, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेल्या बँकेच्या नंबरवर बोला. ओळ ओळखायला विक्रेत्याला ईमेल, तारीख, रक्कम आणि शेवटचे ४ आकडे पुरतात, पूर्ण कार्ड नंबर कुठलंही पान मागत असेल तर ते पान बंद करायचं.

सर्चचा खरा उपयोग एकाच ठिकाणी, कंपनीचं कागदोपत्री नाव आणि मालाचं नाव वेगळं असतं तेव्हा. पासवर्ड सांभाळणारं वनपासवर्ड बनवणारी कंपनी अनेक वर्षं अजाइलबिट्स म्हणून ओळखली गेली, प्रोग्रामर लोक वापरतात ते सेंट्री हे फंक्शनल सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं, नॉर्टन आणि अव्हास्ट हे दोन्ही आता जेन डिजिटल या एकाच छताखाली. आणि कंपन्या विकल्या जातात तो भाग वेगळाच. एव्हरनोट, मीटअप, वीट्रान्सफर ही सगळी मिलानच्या बेंडिंग स्पून्सने घेतली, म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं वापरत असलेलं तेच जुनं अ‍ॅप, फक्त मालक बदलला, आणि अशा वेळी ओळीवरचं नाव पण बदलू शकतं. त्यामुळे नाव नवीन दिसलं म्हणजे खरेदी नवीन असं धरू नका, जुनं कुठलं नाव याच महिन्यापासून दिसायचं बंद झालंय का ते आधी बघा.

स्वतःचा मेलबॉक्स आणि जुनं स्टेटमेंट. हे प्रॉडक्ट नाही पण पाच स्टार यालाच देणार मी. मेलमध्ये कंपनीचं नाव नका शोधू, रक्कम शोधा, दशांश टिंबानंतरच्या दोन आकड्यांसकट. नाहीतर कार्डाचे शेवटचे ४ आकडे. परदेशी चलनात बिल झालं असेल तर मेलमधली रक्कम वेगळी असणार, तेव्हा स्टेटमेंटवर मूळ चलनातला आकडा दिलाय का बघा आणि तो शोधा, आणि चलन बदलायची बँकेची फी वेगळ्या ओळीत पडली असेल तर ती दुसरं सबस्क्रिप्शन समजू नका. तारीख पण एक-दोन दिवस मागेपुढे असते, विक्रेत्याने कापले ती तारीख वेगळी आणि बँकेने खात्यावर मांडली ती वेगळी. मेलमध्ये स्पॅम आणि प्रमोशनचे फोल्डरही धुंडाळा, रिन्यूअलच्या सूचना नेमक्या तिथेच पडलेल्या असतात.

मग बरोबर एक वर्षापूर्वीचं स्टेटमेंट काढा. त्याच तारखेच्या आसपास तीच ओळ असेल तर वार्षिक रिन्यूअल, कार्ड चोरीचा प्रश्न बहुतेक मिटला. ओळ नसेल पण त्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी त्याच नावाने शून्य किंवा अगदी किरकोळ रक्कम येऊन परत गेलेली दिसली तर फ्री ट्रायल संपली असणार. ट्रायलच्या बाबतीत व्हिसाने एप्रिल २०२० पासून विक्रेत्यांना नियम घातलाय की ट्रायल संपायच्या किमान ७ दिवस आधी कळवायचं आणि त्यानंतरच्या पहिल्या चार्जच्या ओळीत "ट्रायल" असा उल्लेख ठेवायचा, म्हणून तो शब्द ओळीत आहे का ते बघाच. आणि मागे काहीच नसेल, नाव कुठेच जुळत नसेल, एकामागून एक बारीक बारीक रकमा वेगवेगळ्या नावांनी पडत असतील, तर थांबू नका, चोरलेलं कार्ड चालतंय का हे असंच तपासतात, लगेच बँकेला फोन.

आता ओळख पटल्यावरचं. आमच्या ऑफिसात एका डिझाइन टूलची वार्षिक ओळ निघाली, ज्या सहकाऱ्याने घेतलं होतं तो नोकरी सोडून गेलेला, त्याचा ईमेल बंद, आणि टूल बनवणारी कंपनी म्हणे खात्याच्या ईमेलवरूनच रद्द करा. कंपनीचं नाव घेत नाही. शेवटी ज्या मधल्या विक्रेत्याच्या गल्ल्यावर पैसे गेले होते त्याला आम्ही ऑफिसच्या नावाचं बिल, तारीख आणि शेवटचे ४ आकडे पाठवले, त्यांनी दुसऱ्या दिवशी पुढचं रिन्यूअल बंद केलं आणि त्या वर्षाचे पैसेही परत दिले. म्हणून म्हणते गल्ला ओळखा, माल बनवणारा ऐकत नसेल तरी गल्लेवाल्याला ऐकावं लागतं, कारण कागदावर विक्रेता तोच आहे आणि कार्डवाल्यांकडे तक्रार गेली तर त्रास त्यालाच होतो.

बँकेत तक्रार करायची झाली तर कारण खरं सांगा. "मी रद्द केलं होतं तरी कापले" ही एक तक्रार आणि "हा व्यवहार मी केलाच नाही" ही दुसरी, दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत, व्हिसाच्या हिशोबात पहिलीचा कोड १३.२ आणि दुसरीचा, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीचा, १०.४. स्वतःच घेतलेलं पण विसरलेलं सबस्क्रिप्शन फसवणूक म्हणून टाकलं की बँक कार्ड बंद करते, बाकीची सगळी ऑटो पेमेंट्स अडकतात, विक्रेता लॉगिनचे आणि वापराचे पुरावे पाठवतो, तक्रार फेटाळली जाते, आणि वर ते खातं कायमचं बंद होऊ शकतं, त्यात तुमच्या फाइली असतील तर त्याही गेल्या. रद्द केल्याचा मेल किंवा स्क्रीनशॉट असेल तर पहिला रस्ता चांगला चालतो. मुदत असते, व्हिसाकडे साधारण १२० दिवस, पण बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते म्हणून महिन्याच्या महिन्याला बघितलेलं बरं.

आणि नवीन कार्ड घेतलं की जुनी सबस्क्रिप्शन्स आपोआप मरतील या भरवशावर राहू नका. व्हिसाची अकाउंट अपडेटर आणि मास्टरकार्डची ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर अशी सोय आहे, बँक त्यात सहभागी असेल तर नवीन नंबर आणि नवीन मुदत परस्पर विक्रेत्याकडे पोचते, त्यामुळे नव्या कार्डावर तीच जुनी ओळ पुढच्या महिन्यात हजर. बँकेला स्पष्ट शब्दांत सांगायचं की या विक्रेत्याचे रिकरिंग पेमेंट थांबवा, ओळीतलं नाव जसंच्या तसं द्यायचं, आणि थांबवल्याचा रेफरन्स नंबर लिहून घ्यायचा.